दीड लाख डिपॉझिट अडकलंय, ओनर रंगकामाचे ३८ हजार कापतोय, कायदा काय आहे?

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या. आम्ही भांडुप पश्चिमेला वन बीएचकेमध्ये बावीस महिने भाड्याने राहिलो, मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. आधी २६ हजार भाडं, दुसऱ्या वर्षी साडेसत्तावीस. एकदाही भाडं थकवलं नाही, पाच तारखेच्या आत जायचंच. मुलाच्या शाळेसाठी नाहूरला शिफ्ट झालो त्याला आता २४ दिवस झाले. डिपॉझिट दीड लाख होतं, त्यातले एक लाख चेकने आणि पन्नास हजार कॅश, कारण तेव्हा ओनर म्हणाले अॅग्रीमेंटमध्ये एकच लाख दाखवू, बाकीचे हातात द्या, आणि एजंटपण म्हणाला सगळीकडे असंच चालतं, आणि आम्हाला घर हवं होतं म्हणून दिले.

आता चाव्या दिल्या त्या दिवशी ओनर म्हणाले दोन दिवसांत ट्रान्सफर करतो. मग फोन उचलणं बंद. मग चौथ्या दिवशी मेसेज आला तो जसाच्या तसा लिहिते, "टोटल १५०, पेंटिंग ३८, क्लिनिंग ६, किचन ट्रॉली ९, बाकी ९७ नवीन पार्टी आली की देतो". म्हणजे नवीन भाडेकरू येईपर्यंत आम्ही थांबायचं. इथे नवीन घराचं डिपॉझिट भरायला मी अंगठी आणि गोफ गहाण ठेवलाय, त्याचं व्याज रोज वाढतंय.

ट्रॉलीचं एक चाक तुटलंय हे खरं आहे, ते आमच्याकडून झालं, नाही म्हणत नाही. पण भिंतीचं ऐका. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे तिला पहिल्याच पावसाळ्यात ओल आली, वरच्या मजल्याचं लिकेज. पोपडे पडून पडून खाली पांढरी भुकटी साचायची, सासूबाईंना दमा, त्यांचा पलंग आम्ही हॉलमध्ये आणला. जुलैपासून मी फोटो पाठवतेय, ओनरनी प्रत्येक वेळी "सोसायटीला सांगतो" एवढंच लिहिलं. आता त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे आमच्याकडून?

कुठेतरी व्हिडिओत पाहिलं की नवीन कायद्याने दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं आणि घर सोडल्या सोडल्या परत द्यावं लागतं. हे खरंय का? असेल तर कलम सांगा म्हणजे मी त्यांना पाठवते. चौकीत गेलो होतो, ते म्हणाले ही दिवाणी बाब आहे, आम्ही काही करू शकत नाही.

चारकोप_सेक्टर_आठ
ताई अगदी सेम माझ्यासोबत झालंय, वर्षभर फिरवलं आणि शेवटी ७० मधले ४० हातात आले. तेव्हापासून मी एकच करतो, घर सोडायच्या आधीचे तीन महिने भाडंच देत नाही, डिपॉझिटमधून कापा म्हणतो. आणि पैसे हातात आल्याशिवाय चावी द्यायची नाही, बसून राहायचं, आपलं सामान आत असेल तर तो काय करणार. तुमची चावी गेली ना, तिथेच फसलात.

अंगठेवाला
मी गेली नऊ वर्षं घरोघरी जाऊन लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराचं, ऑनलाइन रजिस्ट्रेशन करतो, मशीन आणि कॅमेरा घेऊन अंगठे आणि फोटो घेणारे आम्हीच. त्यामुळे हे रोज बघतो.

आधी व्हिडिओचं. ते अर्धवट सांगतात. केंद्र सरकारने २ जून २०२१ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, इंग्रजीत मॉडेल टेनन्सी अॅक्ट, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांचं डिपॉझिट, दुकान-ऑफिसला सहा महिन्यांचं अशी मर्यादा आहे, आणि घराचा ताबा परत घेताना कापायचं ते कापून उरलेलं परत द्यायचं असंही आहे. पण तो नमुना आहे. घरभाडं हा राज्याचा विषय, राज्याने आपला कायदा केला तरच लागू. उत्तर प्रदेशने २०२१मध्ये केला, तिथे दोन महिने. तामिळनाडूचा २०१७चा कायदा आहे, तिथे तीन महिने. महाराष्ट्राने तो घेतलेला नाही. आपल्याकडे चालतो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, ३१ मार्च २००० पासून, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला वरची मर्यादा नाही आणि इतक्या दिवसांत परत द्या असंही नाही. म्हणून मुंबईत कोणी तीन महिन्यांचं घेतो, कोणी सहा, हेवी डिपॉझिटवाले, म्हणजे मोठं डिपॉझिट घेऊन भाडं कमी ठेवणारे, तर पाच-दहा लाख घेतात. तो व्हिडिओ ओनरला पाठवू नका, त्यांच्या ओळखीचा कोणी वकील असला तर पहिल्याच वाक्याला तुमचं पत्र बाजूला ठेवेल.

मग तुमच्याकडे काय आहे? अॅग्रीमेंट. आपल्याकडे डिपॉझिटचा कायदा म्हणजे तुमच्या अॅग्रीमेंटमधली ती चार-पाच वाक्यंच. ते काढून बघा, डिपॉझिटच्या क्लॉजमध्ये परत कधी द्यायचं काय लिहिलंय, आणि घर परत देताना नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून असे शब्द आहेत का. बहुतेक करारांत असतात. बावीस महिने राहिल्यावर रंग फिका पडणं, खिळ्यांची भोकं, ही झीज. चाक तुटणं हे नुकसान. आणि ओल ही दोन्हीत बसत नाही, ती इमारतीची दुरुस्ती आहे.

आणि दुसरं महत्त्वाचं. दुसऱ्या ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट रजिस्टर झालं होतं का? इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा, आहे का तुमच्याकडे?

लालबागचा_भाडेकरू
आमची तीन पिढ्यांची खोली आहे. भाडेकरूला कोणी हात लावू शकत नाही महाराष्ट्रात. मालक पाणी-लाईट तोडू शकत नाही, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९. भाडं वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवू शकत नाही. भाड्याची पावती द्यावीच लागते. ताईंनी घाबरायचं कारण नाही, चावी मागून घ्या आणि परत जाऊन राहा.

अंगठेवाला
दादा तुमचं सगळं बरोबर आहे पण ते पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या खोलीचं. तुम्ही कायद्याने भाडेकरू. ताई लायसेन्सी. कायद्याच्या भाषेत त्यांना फक्त ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी दिलेली असते, घरात हक्क तयार होत नाही. दोघांना आपण बोलताना भाडेकरूच म्हणतो त्यामुळे हा घोळ मी दर आठवड्याला कुठे ना कुठे ऐकतो. परत जाऊन राहिल्या तर उलट त्यांच्यावरच केस होईल.

लालबागचा_भाडेकरू
बरं, हे नव्हतं माहीत. आमच्या इथे मुलं आता भाड्याने बाहेर पडतायत, त्यांना सांगतो.

ॲडव्होकेट_गोरेगाव
चारकोपवाल्यांचा सल्ला कृपा करून कोणी पाळू नका, पोटतिडकीने सांगतोय. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ वाचा. मुदत संपल्यावर लायसेन्सीने घर सोडलं नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि घर रिकामं करून घ्यायला ओनरला साधा दावा लावावा लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी झटपट प्रक्रिया आहे. म्हणजे पन्नास हजारांसाठी चार महिने बसलात तर साडेसत्तावीसच्या हिशोबाने महिन्याला पंचावन्न अंगावर येतात. शिवाय भाडं बंद केलं की करार आधी तुम्ही मोडला, हे ओनरच्या हातात आयतं दिल्यासारखं होतं. अपवाद एकच, डिपॉझिट मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल असा क्लॉज करारात असेल तर. काही जण घालून घेतात, पण घालून घेतलेला पाहिजे.

ताई, आता तुमचं. तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. ओनरचा तो मेसेज. "टोटल १५०". कॅश दिलेल्या पन्नास हजारांचा कुठेच कागद नाही असं तुम्हाला वाटतंय, पण त्यांनी स्वतःच्या हाताने दीड लाख लिहून दिलेत, त्यातून वजाबाकी करून ९७ देणं आहे हेही लिहून दिलंय. तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडून ते दाखल करता येतं. भिंतीचे जुलैचे फोटोही त्याच चॅटमध्ये आहेत, तारखेसकट, आणि खाली त्यांचं उत्तर आहे. म्हणजे ओल त्यांना माहीत होती.

भांडुपकरीण
देवा, हा मेसेज मी रागाने डिलीट करणार होते. नवऱ्याने नको म्हटलं म्हणून राहिला.

अंगठेवाले दादा, अॅग्रीमेंट काढलं. पहिलं रजिस्टर आहे, त्यात डिपॉझिट एक लाख आणि "लायसेन्सीने जागा रिकामी करून ताबा दिल्यावर लगेच, थकबाकी वजा करून बिनव्याजी परत" असं आहे, आणि झिजेचं वाक्यपण आहे. दुसरं मात्र रजिस्टर नाही केलं. ओनर म्हणाले कशाला खर्च, एजंटने ५०० च्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करून आणलं, त्यात डिपॉझिटचा आकडाच नाही, "आधीप्रमाणे" एवढंच. म्हणजे आमची बाजू लंगडी ना?

अंगठेवाला
उलट आहे ताई. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ नीट वाचा, माझ्या बॅगेत त्याची झेरॉक्स कायम असते. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, अकरा महिन्यांचं असो की तीन, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची नाही. केलं नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्यातलं खरं वाक्य पुढे आहे, रजिस्टर करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. म्हणजे डिपॉझिट दीड लाख होतं असं तुम्ही म्हणालात तर ते तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. आणि त्यांचा मेसेज काय म्हणतो? दीडशे.

अकरा महिने केलं की रजिस्ट्रेशन लागत नाही हा समज बाहेरच्या राज्यांतून आलाय, तिथे वर्षाच्या आतल्या भाडेकराराला लागत नाही. महाराष्ट्रात लागतं. आणि खर्च किती तो बघा. तुमचंच उदाहरण, साडेसत्तावीस गुणिले अकरा म्हणजे ३,०२,५००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरतात, दीड लाखाचे वर्षाला पंधरा हजार, अकरा महिन्यांचे १३,७५०. बेरीज ३,१६,२५०, त्याचा पाव टक्का म्हणजे ७९१ रुपये स्टॅम्प ड्युटी. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी हजार. वर माणूस घरी यायचे पैसे. कॅश डिपॉझिट आकड्यात लपवून ड्युटीत वाचतात किती? पन्नास हजारांवर साधारण साडेअकरा रुपये. अकरा रुपयांसाठी लोक पन्नास हजारांचा पुरावा घालवतात. मी दर वेळी सांगतो पूर्ण आकडा लिहा, ओनर आणि एजंट एकमेकांकडे बघतात.

जर्सीतला_ठाणेकर
मी न्यू जर्सीत राहतो, इथे राज्याचा कायदा सांगतो, फरक लक्षात येईल. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ते वेगळ्या व्याज देणाऱ्या बँक खात्यात ठेवायचं आणि कोणत्या बँकेत ठेवलंय ते भाडेकरूला लेखी कळवायचं. घर सोडल्यावर ३० दिवसांत व्याजासकट परत, कापलं तर बाबवार यादी. नाही दिलं तर कोर्ट दुप्पट द्यायला लावतं. माझा भाऊ कॅलिफोर्नियात, तिथे २१ दिवस, आणि जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एकाच महिन्याचं डिपॉझिट घेता येतं. इथेही मालक काही साधुसंत नाहीत, पण तारीख ठरलेली असल्यामुळे तिसाव्या दिवशी माणूस कोर्टाचा फॉर्म भरायला मोकळा होतो. ठाण्यात माझ्या बाबांना डिपॉझिटसाठी सात महिने फेऱ्या मारताना पाहिलंय, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

दहिसरच्या_काकू
मी दुसऱ्या बाजूची आहे. मिस्टरांच्या मागे एक फ्लॅट भाड्याने देते, माझं घर त्यावरच चालतं. सगळे ओनर पैसे खाणारे नसतात हे आधी सांगते. मागे एक जोडपं गेलं, नंतर वीजबिल आलं ७,४००, गॅसचं वेगळं, आणि मी भोळेपणाने डिपॉझिट आधीच दिलेलं. तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. आत येताना भाडेकरूला सोबत घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढते, नळ चालू करून, गीझर लावून, ट्रॉल्या ओढून. जाताना तोच व्हिडिओ समोर लावून दोघांनी फिरायचं. मीटरचं रीडिंग फोटो काढून घ्यायचं. तुटलं असेल ते तिथेच कागदावर लिहायचं, सुताराला फोन लावून रक्कम विचारायची, आणि बाकीचं त्याच टेबलावर बसून ट्रान्सफर. एका हाताने चावी, एका हाताने पैसे.

डिपॉझिट हे माझे पैसे नाहीत, मी ते बँकेत वेगळे ठेवते. तुमच्या ओनरनी ते खर्च केलेत, म्हणून नवीन पार्टीची वाट बघतायत. रंगकामाचं म्हणाल तर मी दर भाडेकरू गेला की रंग लावून घेतेच, तो माझा खर्च, नाहीतर पुढचा येत नाही. करारात "जाताना रंग लावून द्यायचा" असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. ट्रॉलीचे ९ हजार पण जास्त वाटतायत, चाक आणि रनर बदलायला आमच्या सुताराने अठराशे घेतले होते.

ॲडव्होकेट_गोरेगाव
काकू, तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर माझ्याकडे ही कामं येणारच नाहीत.

भांडुपच्या ताई, असं करा. आधी स्वतःच्या नावाने साधं पत्र, मराठीत चालेल, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, आणि तेच व्हॉट्सॲपवर. त्यात रागाचा एक शब्द नको. ताबा कोणत्या तारखेला दिला, डिपॉझिट दीड लाख असल्याचं त्यांनी अमुक तारखेच्या मेसेजमध्ये मान्य केलंय, करारातला क्लॉज, ओलीच्या फोटोंच्या तारखा, दुसरा करार त्यांनी कलम ५५ प्रमाणे रजिस्टर केला नाही हे एक वाक्य, आणि पंधरा दिवसांची मुदत. ट्रॉलीचं नुकसान मान्य आहे, बिल दाखवा, तेवढं कापा, असं स्वतःहून लिहा. खरं ते आधीच कबूल केलेलं पत्र वाचणाऱ्याला खरं वाटतं. चावी दिल्याचा पुरावा काय आहे? सोसायटीचा मूव्ह-आऊट फॉर्म, गेटच्या रजिस्टरमध्ये टेम्पोची नोंद, काहीही.

त्याने झालं नाही तर वकिलाची नोटीस. त्यानेही नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, दावा लावायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, वर अपील नाही. महिलांना १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे फार कमी जणींना माहीत असतं. पैशाच्या दाव्याला तीन वर्षं मुदत आहे त्यामुळे आज-उद्यात सगळं संपत नाही, पण थंडही होऊ देऊ नका.

भांडुपकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. मूव्ह-आऊट फॉर्म आहे, ओनरचीच सही आहे त्यावर, टेम्पोचा नंबरपण. आज रात्री नवरा आणि मी पत्र लिहायला बसतो.

भांडुपकरीण
अपडेट देते, एकोणीस दिवसांनी. पत्र गेलं, पोचपावती आली, आठ दिवस काहीच नाही. मग नवव्या दिवशी ओनरच्या मुलाचा फोन आला, ते पुण्याला असतात. त्यांनी विचारलं हे कलम ५५चं काय आहे, बाबांना काही होणार का. मी म्हटलं मला कोणाला तुरुंगात पाठवायचं नाहीये, मला माझे पैसे पाहिजेत, गोफ सोडवायचाय. मी त्यांना भिंतीचे फोटो पाठवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आजी त्या खोलीत झोपायच्या का. मी म्हटलं आधी झोपायच्या.

परवा १,४७,८०० आले. ट्रॉलीचे २,२०० कापले, सुताराच्या बिलाचा फोटो पाठवला. क्लिनिंगचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. काल गोफ आणि अंगठी सोडवून आणली.

अंगठेवाले दादा, नाहूरच्या घराचं अॅग्रीमेंट अजून ड्राफ्टमध्येच आहे, इथलेही एजंट म्हणत होते थोडे कॅशमध्ये ठेवू. आम्ही नाही म्हणून सांगितलं. डिपॉझिटचा पूर्ण आकडा, चेक नंबर, आणि "चाव्या आणि डिपॉझिट एकाच वेळी" हे वाक्य घालायचंय. ते नेमकं कसं लिहायचं सांगाल का, रविवारी मशीनवाला येतोय.

अंगठेवाला
लिहा (परवानाधारक म्हणजे तुम्ही, परवाना देणार म्हणजे ओनर), "परवानाधारक जागेचा रिकामा ताबा व सर्व चाव्या ज्या वेळी देतील त्याच वेळी परवाना देणार हे संपूर्ण अनामत रक्कम, असल्यास बिलासह दाखवलेली थकबाकी व नुकसान वजा करून, बँकेद्वारे परत करतील. नैसर्गिक झीज व इमारतीच्या गळतीमुळे झालेले नुकसान वजा करता येणार नाही." गळतीचा शब्द मुद्दाम टाकलाय. आणि अंगठा द्यायच्या आधी स्क्रीनवर डिपॉझिटचा आकडा स्वतः वाचा, मशीनवाला मुलगा घाईत असेल तरी.